विश्लेषण : एकच रेणू टिपणारे ‘सर्स’ तंत्र रुग्णालयात अजून का पोहोचले नाही?

सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या मदतीने एखादा रेणू त्याच्या प्रकाशखुणेवरून ओळखण्याच्या तंत्राला यंदाच्या दशकात पन्नास वर्षे पूर्ण झाली. रक्तातील कर्करोगाच्या खुणा, फळांवरील कीटकनाशके, दुधातील भेसळ असे बरेच काही त्यातून ओळखता येते, हे प्रयोगशाळांतून अनेकदा दिसले आहे. तरीही डॉक्टर रक्ताची चाचणी लिहून देतात, तेव्हा त्या यादीत या तंत्राचे नाव नसते. ज्या ‘रामन परिणामा’वर ते उभे आहे, त्याचा शोध भारतात लागला. हे तंत्र नेमके काय आहे आणि ते कुठे अडले आहे, याचा आढावा.

‘रामन परिणाम’ म्हणजे काय?

प्रकाश एखाद्या पदार्थावर पडला, की त्यातील काही भाग सर्व दिशांना विखुरतो. यालाच विकिरण म्हणतात. विखुरलेल्या बहुतेक प्रकाशाचा रंग, म्हणजेच तरंगलांबी, मूळ प्रकाशासारखीच राहते. मात्र अगदी थोड्या प्रकाशकणांची पदार्थातील रेणूंशी ऊर्जेची देवाणघेवाण होते आणि त्यांची तरंगलांबी किंचित बदलते. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कोलकात्याच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी हा परिणाम पाहिला. त्यासाठी रामन यांना १९३० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो.

या बदललेल्या प्रकाशाचे महत्त्व असे, की रेणूतील अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि ती जोडणी सतत कंप पावत असते. प्रत्येक रेणूची कंपने वेगळी असल्यामुळे त्याच्यावरून विखुरलेल्या प्रकाशातील बदलही वेगळा असतो. आलेखावर तो अरुंद, टोकदार रेषांच्या मालिकेसारखा दिसतो. माणसाच्या बोटांचे ठसे जसे एकसारखे नसतात, तसा हा रेणूचा ठसा म्हणता येईल. शिवाय पाण्याचा स्वतःचा रामन संकेत क्षीण असतो. त्यामुळे रक्त, लाळ, लघवी, पेशी असे पाण्याने भरलेले नमुने तपासायला ही पद्धत सोयीची ठरते. अवरक्त किरणांच्या पद्धतीत मात्र पाणीच मोठा अडथळा ठरते.

मग अडचण कुठे होती?

संकेत फारच दुबळा असतो, ही मूळ अडचण. विखुरलेल्या साधारण एक कोटी प्रकाशकणांपैकी एखादाच अशा रीतीने बदलतो. डबीतील औषधाची पूड किंवा बाटलीतील द्रव ओळखायला तेवढे पुरते. म्हणूनच औषध कारखान्यांत कच्चा माल तपासण्यासाठी हातात धरायची रामन उपकरणे वापरली जातात. पण रक्तातील एखादे प्रथिन किंवा फळाच्या सालीवरील औषधाचा अंश फार थोडा असतो. त्याचा संकेत इतर गोंगाटात हरवून जातो. त्यातच अनेक जैविक पदार्थ प्रकाश पडल्यावर स्वतः चमकतात. ही चमक, म्हणजे प्रतिदीप्ती, दुबळ्या रामन रेषा झाकून टाकते.

चांदीच्या खडबडीत पृष्ठभागाने काय केले?

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेंड्रा आणि जेम्स मॅक्विलन हे विद्युतरसायनशास्त्राचा अभ्यास करत होते. चांदीच्या विद्युतअग्रावर चिकटलेल्या पिरिडिन या रसायनाचे रेणू त्यांना पाहायचे होते. पृष्ठभाग खडबडीत केला तर त्यावर अधिक रेणू बसतील आणि संकेत वाढेल, असा त्यांचा हिशेब होता. १९७४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. संकेत खरोखरच जोरदार मिळाला होता.

पण वाढलेल्या पृष्ठभागाच्या हिशेबात ही वाढ बसत नव्हती. १९७७ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जेनमेअर आणि रिचर्ड व्हॅन ड्यूईन यांनी, तसेच इंग्लंडमधील केंट विद्यापीठातील अल्ब्रेख्त आणि क्रायटन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की प्रत्येक रेणूमागे संकेत लाख ते दहा लाख पटीने वाढतो आहे. धातूचा पृष्ठभागच काहीतरी करत होता. यातून ‘सरफेस-एन्हान्स्ड रामन स्पेक्ट्रोस्कोपी’, म्हणजे पृष्ठभागामुळे बळ मिळालेली रामन तपासणी, हे नाव रूढ झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सर्स’ म्हणतात.

धातूचे कण प्रकाश ‘गोळा’ कसा करतात?

सोने आणि चांदीत मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात. कण ४० ते ६० नॅनोमीटर एवढा लहान असेल, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असेल, तर प्रकाश पडताच हे इलेक्ट्रॉन एकत्रितपणे मागेपुढे हेलकावतात. कणाचे आकारमान, आकार आणि प्रकाशाचा रंग यांचे गणित जुळले, की हा हेलकावा फार मोठा होतो. हलत्या पाळण्याला योग्य वेळी झोका दिला तर तो उंच जातो, तसेच हे असते. कणाच्या अगदी जवळ प्रकाशाचे विद्युतक्षेत्र त्यामुळे कित्येक पटीने तीव्र होते.

या क्षेत्रात आलेल्या रेणूला दुहेरी लाभ मिळतो. त्याच्यावर पडणारा प्रकाश तीव्र होतो आणि त्याच्याकडून परत येणारा प्रकाशही कणामुळे वाढतो. म्हणून क्षेत्र दहापट झाले तर संकेत साधारण दहा हजार पट वाढतो. क्षेत्र शंभरपट झाले तर वाढ दहा कोटी पटींवर जाते. दोन कण एकमेकांना जवळजवळ टेकले आणि मधे एक-दोन नॅनोमीटरची फट राहिली, तर त्या फटीत क्षेत्र सर्वाधिक तीव्र असते. संशोधक या जागांना ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. कणापासून काही नॅनोमीटर दूर गेले, की हा परिणाम झपाट्याने ओसरतो.

१९९७ मध्ये अमेरिकेत शुमिंग नी व स्टीव्हन एमरी यांनी आणि कॅटरिन क्नाइप यांच्या गटाने, चांदीच्या कणांवर एकेका रेणूचा संकेत टिपल्याचे जाहीर केले. रसायनाचा एकच रेणू त्याच्या ठशावरून ओळखणे, ही तपासणीच्या क्षेत्रातील अंतिम मर्यादा मानली जाते. मात्र त्या प्रयोगांत वापरलेले रेणू हे रंगद्रव्यांचे होते. ते प्रकाशाला मुळातच जोरदार प्रतिसाद देतात. शरीरातील बहुतेक रेणू इतके बोलके नसतात.

असे कण तयार कसे करतात?

सर्वांत प्रचलित रीत आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. सोन्याच्या क्षाराचे पाणी उकळत ठेवून त्यात सोडियम सायट्रेट घालतात. हा लिंबातील आम्लाचाच क्षार आहे. थोड्याच वेळात पाणी माणकासारखे लाल होते. पिवळे सोने नॅनोकणांच्या रूपात लाल दिसते, हे मायकल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच मांडले होते. सायट्रेटची पद्धत जॉन टर्केविच यांनी १९५१ मध्ये तपशीलवार दिली. कण एकमेकांना चिकटून पुंजके झाले, की लाल रंग निळसर होतो.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण तयार केले. ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात ते काम प्रसिद्ध झाले. आकार येथे महत्त्वाचा असतो, कारण टोके आणि कोपरे यांच्यापाशी विद्युतक्षेत्र अधिक एकवटते. सर्ससाठी आज गोल कणांबरोबरच दांडीसारखे, चांदणीसारखे, घनाकृती कणही वापरले जातात. चांदी अधिक जोरदार संकेत देते, पण ती काळवंडते आणि पेशींना अपायकारक ठरू शकते. म्हणून शरीराशी संबंध येतो तिथे सोन्याला पसंती असते.

शरीरातील रेणूंसाठी हे तंत्र कसे वापरतात?

दोन मार्ग आहेत. पहिला थेट. नमुना कणांवर टाकायचा आणि त्यातील रेणूंचा ठसा वाचायचा. व्हॅन ड्यूईन यांच्या गटाने रक्तशर्करेसाठी हा मार्ग धरला. ग्लुकोजचा संकेत दुबळा असतो आणि तो धातूला सहजी चिकटतही नाही. म्हणून त्यांनी चांदीच्या पृष्ठभागावर रेणूंचा एक पातळ थर दिला, जो ग्लुकोजला जवळ धरून ठेवतो. २००६ मध्ये उंदराच्या त्वचेखाली असा संवेदक ठेवून शर्करा मोजून दाखवण्यात आली. बोटाला सुई न टोचता साखर मोजण्याची आशा त्यात होती.

दुसरा मार्ग ‘खूणकणां’चा. सोन्याच्या कणावर ठळक ठसा असलेला एक रंगरेणू बसवतात, वरून काचेसारखे सिलिकाचे कवच चढवतात आणि त्यावर प्रतिपिंड जोडतात. प्रतिपिंड आपल्या लक्ष्याला, उदाहरणार्थ कर्करोगाच्या पेशीवरील प्रथिनाला, जाऊन चिकटते. मग लक्ष्याचा स्वतःचा ठसा शोधण्याऐवजी रंगरेणूचा जोरदार ठसा शोधला जातो. रामन रेषा अरुंद असल्यामुळे अनेक खुणा एकाच वेळी वेगळ्या ओळखता येतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातीलच चॅड मिर्किन यांच्या गटाने २००२ मध्ये सहा वेगवेगळे डीएनए तुकडे अशा सहा खुणांनी एकत्र ओळखले होते. गर्भधारणा चाचणीच्या अनेक पट्ट्यांवर दिसणारी लाल रेघ ही सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. त्याजागी खूणकण वापरून डोळ्यांना न दिसणारी फिकट रेघही यंत्राने वाचायची, असे प्रयोग अनेक गट करत आहेत.

शस्त्रक्रियेसाठीही या कणांचा विचार होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने २०१२ मध्ये मेंदूची गाठ असलेल्या उंदरांना असे कण टोचले. एकाच कणामुळे गाठ एमआरआयमध्ये, प्रकाश-ध्वनी प्रतिमेत आणि रामन प्रतिमेत अशी तिन्हींत दिसली. गाठ काढताना मागे राहिलेले अवशेष रामन संकेतावरून सापडले. मेंदूत गाठ कुठे संपते आणि निरोगी भाग कुठे सुरू होतो, हे डोळ्यांनी ठरवणे कठीण असते. त्यामुळे या प्रयोगाचे मोल मोठे आहे. पण सोन्याचे कण शरीरात टोचल्यावर ते यकृत आणि प्लीहेत साठतात, सहज बाहेर पडत नाहीत. म्हणून माणसांत असा वापर करण्याआधी सुरक्षिततेची कसोटी कठोर असते.

फळांवरील अवशेष तपासता येतील?

चीनमधील शामेन विद्यापीठातील तियान झोंगचुन यांच्या गटाने २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये एक सोपी युक्ती मांडली. सोन्याच्या कणांवर सिलिकाचे अतिशय पातळ कवच चढवायचे आणि ते कण थेट तपासायच्या वस्तूवर भुरभुरायचे. संत्र्याच्या सालीवरील पॅराथिऑन गटातील कीटकनाशकाचा ठसा त्यांनी असा टिपून दाखवला. फळ कापावे लागले नाही, रस काढावा लागला नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची धग द्राक्ष बागायतदारांनी अनुभवली आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील ‘सीसीसी’, या वाढरोधकाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने भारतीय द्राक्षांची युरोपातील निर्यात अडचणीत आली होती. निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने आजही प्रयोगशाळेत पाठवावे लागतात आणि तिथे महागड्या यंत्रांवर तपासले जातात. बांधावरच काही मिनिटांत उत्तर मिळाले, तर काढणी कधी करायची हे शेतकऱ्याला वेळेत ठरवता येईल.

मात्र इथेच दोन मर्यादा समोर येतात. पहिली, सोन्या-चांदीला चिकटणारे रेणूच सर्सला नीट दिसतात. गंधक असलेले थायरमसारखे बुरशीनाशक धातूला घट्ट धरते, म्हणून ते चटकन ओळखले जाते. जे रसायन धातूकडे फिरकत नाही, ते तिथे असूनही दिसेलच असे नाही. दुसरी, कायद्याची मर्यादा किलोमागे अमुक मिलिग्रॅम अशी असते. म्हणजे रसायन ‘आहे का’ एवढ्यावर भागत नाही, ते ‘किती आहे’ हेही सांगावे लागते.

‘किती’ हे सांगणे अवघड का?

तंत्र अडले आहे ते नेमके इथे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील डाना डलॉट यांच्या गटाने २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेले मोजमाप याबाबत बोलके आहे. त्यांनी तपासलेल्या पृष्ठभागावर सर्वाधिक तीव्र जागा दहा लाखांत अवघ्या ६३ होत्या. पण एकूण संकेताचा २४ टक्के भाग त्या ६३ जागांतून येत होता. एखाद्या गावातील दहा लाख लोकांपैकी ६३ जणांच्या सांगण्यावरून गावाच्या मताचा चौथा हिस्सा ठरावा, तसे हे झाले. रेणू नेमक्या त्या फटीत पडला तर संकेत प्रचंड मिळतो, शेजारी पडला तर नगण्य. कणांच्या दोन घाण्यांत, एवढेच काय पण एकाच पट्टीच्या दोन कोपऱ्यांत, फटी वेगळ्या असू शकतात. ज्या फटींमुळे तंत्राला अफाट संवेदनशीलता मिळते, त्याच फटी मोजमापात अस्थिरता आणतात.

युरोपातील १५ प्रयोगशाळांनी मिळून ॲडेनिन या एकाच रेणूचे प्रमाण सर्सने मोजण्याचा एकत्रित प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वेगवेगळी उपकरणे आणि वेगवेगळे कण वापरले, तर उत्तरे एकमेकांशी कितपत जुळतात, हे तपासणे हा हेतू होता. सर्व पद्धती सारख्याच विश्वासार्ह ठरल्या नाहीत. कोणत्या पद्धतीने किती चूक होते हे आकड्यांत मांडले गेले, ही त्या प्रयोगाची जमेची बाजू.

रक्त तर ॲडेनिनच्या स्वच्छ द्रावणाहून कितीतरी गुंतागुंतीचे. त्यात कण टाकताच अल्ब्युमिनसारखी मुबलक प्रथिने क्षणार्धात कणांना वेढतात. ज्या दुर्मीळ रेणूच्या शोधात कण टाकले, त्याला जागाच उरत नाही. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. रोग नसताना ‘आहे’ म्हणणारी चाचणी माणसाला अनावश्यक बायॉप्सीपर्यंत नेते. रोग असताना ‘नाही’ म्हणणारी चाचणी त्याचे मोलाचे महिने वाया घालवते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न सुटेल का?

काही अंशी. शेकडो रेषांचे गुंतागुंतीचे आलेख वाचून रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांतील सूक्ष्म फरक शोधायला संगणकीय प्रारूपे उपयोगी पडतात. पण त्यात एक फसगत दडलेली असते. रुग्णांचे नमुने एका दिवशी, एका घाण्यातील कणांवर तपासले आणि निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या घाण्यातील कणांवर, तर प्रारूप रोगाऐवजी घाण्यांतील फरकच शिकते. त्याच प्रयोगशाळेत त्याची अचूकता उत्तम दिसते आणि दुसऱ्या रुग्णालयात ते कोलमडते. त्यामुळे एखाद्या संशोधनात अमुक टक्के अचूकता साधल्याचे वाचले, की दोन गोष्टी विचारायला हव्यात. नमुने किती जणांचे होते? आणि पडताळणी स्वतंत्र ठिकाणच्या, आधी न पाहिलेल्या नमुन्यांवर झाली होती का?

साध्या रामन तपासणीची स्थिती काय?

नॅनोकण न वापरता केलेली साधी रामन तपासणी मात्र रुग्णाच्या अधिक जवळ पोहोचली आहे. कॅनडातील माँट्रियल येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शल्यविशारदांनी १७ रुग्णांच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेदरम्यान हातात धरायच्या रामन शलाकेने कर्करोगग्रस्त भाग ओळखला. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत तोंडाच्या कर्करोगासाठी रामन तपासणीवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. तंबाखू आणि सुपारीमुळे जगातील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात आढळतात. अनेकांचे निदान उशिरा होते. गालाच्या आतल्या बाजूला शलाका टेकवून, तुकडा न काढता संशयित भाग ओळखता आला, तर त्याचा उपयोग सर्वाधिक आपल्यालाच होईल.

साध्या रामनचा संकेत दुबळा असतो, पण तो रेणूंच्या संख्येच्या प्रमाणात आणि पुनःपुन्हा तसाच मिळतो. सर्सचे नेमके उलट आहे. डॉक्टरला आज, उद्या आणि दुसऱ्या शहरातही तेच उत्तर हवे असते. म्हणून दुबळे पण स्थिर तंत्र आधी रुग्णाजवळ पोहोचले, यात नवल नाही.

पुढची वाट कोणती?

संशोधकांनी आता आपला रोख बदलला आहे. आणखी किती पट संकेत वाढवता येईल, या शर्यतीऐवजी तो सारखा कसा राहील याकडे लक्ष आहे. संगणकाच्या चिप बनवण्याच्या तंत्राने ठरावीक अंतरावर ठरावीक आकाराच्या धातूच्या रचना कोरणे हा एक उपाय. नमुन्यात माहीत असलेल्या प्रमाणात ‘साक्षीदार’ रेणू मिसळणे हा दुसरा. साक्षीदार हा बहुधा तोच रेणू असतो, फक्त त्यातील काही अणू जड समस्थानिकांचे असतात. त्याची रेषा थोडी सरकलेली दिसते. दोन्ही रेषांची तुलना केली, की फटी कमी-अधिक असल्या तरी प्रमाण काढता येते. रक्तातून हवा तो रेणू आधी वेगळा करून मगच कणांवर आणणे हा तिसरा.

या साऱ्यामुळे चाचणी थोडी महाग आणि थोडी संथ होईल. संवेदनशीलतेचा काही भागही सोडून द्यावा लागेल. दहा लाखांतील त्या ६३ जागांचा मोह टाळून उरलेल्या साध्या जागांवर भरवसा ठेवण्यासारखे हे आहे. रुग्णालयातील चाचणी काय किंवा द्राक्षांच्या पेटीवरचा दाखला काय, त्याला विक्रमी आकडा लागत नाही. दहा वेळा मोजला तरी तोच येईल असा आकडा लागतो. सर्सवर आधारित एखादी चाचणी येत्या काळात बाजारात आली, तर तिची पारख याच निकषावर करावी लागेल.